'ओव्हर'च्या जागी 'आमेन'

ज्यांच्याविषयी हे लिहिते आहे, त्यांना त्यांच्या जुन्या पलटणीत, गल्लीत आणि प्रार्थनामंदिरातही 'आमेन' याच नावाने हाक मारतात. तरुणपणी ते सैन्यात बिनतारी संदेशयंत्र चालवत असत. आता घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत ध्वनिक्षेपक आणि अँप्लिफायर दुरुस्त करतात. निवृत्त सैनिकांच्या संघटनेने युद्धातल्या तोंडी आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम माझ्याकडे सोपवले, तेव्हा सुरुवातीलाच त्यांची गोष्ट मला निरनिराळ्या लोकांकडून ऐकायला मिळाली. शत्रूच्या तोफा आग ओकत होत्या, तुकडी खड्ड्यांत अडकली होती, तेवढ्यात आमेननी यंत्रावरून संरक्षणाचे स्तोत्र खड्या आवाजात म्हटले आणि शेवटचा 'आमेन' उच्चारताच तोफा थांबल्या. गोष्टीचा सांगाडा असा होता.

सांगणारा बदलला की तपशील बदलत. एका आवृत्तीत ते स्तोत्र शत्रूच्या यंत्रांवरही ऐकू गेले होते. एका आजींच्या सांगण्यात तर शत्रूच्या तोफचीने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. ती टोपी आपल्या बाजूने कुणाला दिसली, असे मी विचारले, तेव्हा "तुम्ही फार खोलात जाता बाई," असे उत्तर मिळाले. तुकडीच्या अधिकृत दैनंदिनीत त्या दुपारपुढे 'गोळाबारी' एवढा एकच शब्द आहे. लिहिले नाही ते घडलेच नाही, असे मी मानत नाही. पण पुष्कळांनी सांगितले म्हणून घडलेच, असेही मानत नाही.

खरा घोटाळा झाला तो 'साक्ष' या शब्दामुळे. माझ्या लेखी साक्ष म्हणजे स्वतः पाहिलेले, ऐकलेले आणि उलटतपासणीत टिकणारे. प्रार्थनामंदिरातल्या मंडळीत साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले, ते सर्वांसमोर उभे राहून सांगणे. तिथे उलटतपासणी नसते. मी तिथल्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना, सहज म्हणाले की मला आमेन यांची साक्ष हवी आहे, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मग रविवारीच या," ते म्हणाले. "सीमेवर निघालेल्या सैनिकांसाठी खास उपासना आहे. स्तोत्राची साक्ष त्यांच्याच तोंडून व्हावी, अशी सगळ्यांची इच्छा आहे."

त्याआधी आमेनना गाठावे म्हणून मी त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. खोलीत तापलेल्या कथलाचा वास भरला होता. भिंतीला टेकून पोट उघडलेले ध्वनिक्षेपक ओळीने उभे होते. आमेन स्वतः टेबलावरच्या वस्तू उचलून त्यांच्याखाली चष्मा शोधत होते. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

"संघटनेच्या का तुम्ही? टोपीचं विचारायला आला असाल, तर ती टोपी माझी नाही. ती आजीबाईंची भर."

"आणि स्तोत्र?"

त्यांनी जोडकामाची तापलेली कांडी कथलाला लावली. धुराची एक रेघ वर गेली. "स्तोत्राचं आत विचारा. या घरात ते माझ्या मुलीच्या ताब्यात असतं."

आतल्या खोलीत त्यांची मुलगी शिलाईयंत्रावर बसली होती. छावणीतल्या सैनिकांचे गणवेश बेतून, आखूड करून, खांद्याचे बिल्ले शिवून देण्याचे काम ती करते. आमचे बोलणे तिला दाराआडून ऐकू गेलेच होते. यंत्र थांबवून ती उंबऱ्यात आली आणि न्यायाधीशासमोर फिर्याद मांडावी तशी माझ्यापुढे उभी राहिली.

"तुम्हीच सांगा ताई, मी काय फार मागितलंय? सोमवारी माझी पोरगी आघाडीवर चाललीय. रुग्णवाहिका चालवायला. तिच्या डोक्यावर हात ठेवून यांनी एवढंच म्हणायचं, 'देवाने मला राखलं तसा तुलाही राखील, तुला काही होणार नाही.' एक वाक्य! जन्मभर दुसऱ्यांचे आवाज दुरुस्त केले, आणि स्वतःच्या नातीसाठी यांचा आवाज फुटत नाही."

"अर्धं म्हणतो की," आमेन म्हणाले. "मला राखलं, हे म्हणतो. पुढच्याची हमी मला कुणी दिलेली नाही."

"हमी म्हणे! देव काय पंखा आहे, हमीपत्र बघून विकत घ्यायला?"

एवढ्यात नात एका हातात पॉलिश केलेला बूट घेऊन जिन्यावरून उतरली. उंच, केस अगदी बारीक कापलेले, आणि आईच्या रागाची सवय असल्यासारखी शांत. "आई, मला ते वाक्य नको आहे."

"तुला नको असेल. मला हवंय." मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं, तर मी हिला हसत पोहोचवायला येईन. नाही निघालं, तर मी या दाराबाहेर पाऊल टाकणार नाही. जाईल ती एकटी."

नात बुटाच्या टोकावर उगीचच फडके फिरवत राहिली. माय-लेकींचा निरोप एका वाक्यावर अडला होता, आणि ते वाक्य एका जुन्या दुपारवर.

"तुम्ही संशोधन करता ना?" मुलगी मला म्हणाली. "मग शोधून काढा. यांच्या बाबतीत ते घडलं होतं, असं यांच्यासमोर सिद्ध करा. मग कसे बोलत नाहीत ते बघते."

त्या दुपारचा एक साक्षीदार हयात होता. तुकडीचा ट्रक चालवणारा चालक आता एका गोदामाच्या फाटकावर बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसाठी आडवा दांडा वर-खाली करतो. एका कानाने त्याला कमी ऐकू येते, म्हणून मी दुसऱ्या बाजूला स्टूल ओढून बसले आणि स्तोत्राविषयी विचारले.

"स्तोत्र? कसलं स्तोत्र?" तो म्हणाला आणि त्याला असे काही हसू फुटले की एक मालवाहू गाडी दांड्यापुढे ताटकळत राहिली. "अहो, जेवणाची प्रार्थना होती ती! जेवणाची!"

गाडी गेल्यावर त्याने सगळे उलगडून सांगितले. त्या काळच्या यंत्रावर बोलायचे असेल तर हातात धरायच्या चोंग्यावरचे बटण अंगठ्याने दाबून धरावे लागे. एकाने ते दाबले की बाकीच्यांना फक्त ऐकता येई, बोलता येत नसे. आपले बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणायचे, अंगठा उचलायचा आणि उत्तराची वाट पाहायची.

"गोळे पडायला लागले, आणि या पठ्ठ्याने चोंगा असा आवळला, जसं काही जत्रेत हरवायच्या भीतीने आईचं बोट धरलंय. अंगठा बटणावर. याला पत्ताच नाही. आणि सगळ्या तुकडीच्या यंत्रांवर याचा आवाज. 'हे प्रभो, आज आमच्या पुढ्यात जे आलं आहे त्याबद्दल तुझे आभार.'"

"गोळे पडत असताना?"

"गोळे पडत असताना! पुढ्यात दुसरं होतं काय? आणि पुढचं ऐका. 'ज्यांच्या पुढ्यात काही नाही, त्यांनाही यातलं दे.' आमच्या पलीकडच्या खड्ड्यात दुसरी टोळी होती. तिकडे तोवर एकही गोळा आला नव्हता. ते तिकडून बोंबलायला लागले, 'अरे, आम्हाला नको! आमचं पोट भरलंय!'" त्याने डोळे पुसले. "आणि शेवटी सवयीने 'ओव्हर' म्हणायचं, तर हा म्हणाला 'आमेन'. तेव्हापासून त्याचं खरं नाव कुणी घेतलं असेल तर शपथ. कप्तान लगेच म्हणाले, 'जेवण आटोपलं असेल तर हात धुवा आणि चॅनल मोकळा करा. ओव्हर.'"

"आणि तोफा थांबल्या?"

"थांबल्या की. बऱ्याच वेळाने. तोफा चालवणाऱ्यांनाही भूक लागते, मुली."

देवाने वाचवले असे वाटते का, हेही मी विचारले. तो दांड्याच्या दोरीशी चाळा करत राहिला. "ते मला विचारू नका. मी तेव्हा कुणाला मानत नव्हतो, आताही धड मानत नाही. पण ट्रकखाली पडून मी लटलट कापत होतो. वर यंत्रातून त्याचा आवाज आला आणि मी हसलो. हसल्यावर हातपाय पुन्हा माझे झाले. मग उठून जखमी गाडीत भरले. एवढं मी शपथेवर सांगेन."

आमेनशी या विषयावर बोलणे होते का, या प्रश्नावर तो म्हणाला, "भेटलो की दुसरं काय बोलतो!" त्यामुळे मला सावध राहणे भाग होते. एकत्र बसून वर्षानुवर्षे घोळवलेल्या दोन आठवणी या दोन साक्षी नव्हेत. फार तर दीड. म्हणून दुकानात परतल्यावर चालकाने काय सांगितले ते मी उघड केले नाही. कप्तान नेमके काय म्हणाले, एवढेच आमेनना विचारले.

त्यांनी कानांवरचे हेडफोन काढले. "'चॅनल मोकळा करा. ओव्हर.' दुसरं काही नाही." मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. "ड्रायव्हरकडे जाऊन आलात. 'हात धुवा' सांगितलं ना त्याने? ती त्याची भर. कप्तानसाहेब विनोद करणाऱ्यांतले नव्हते."

मतभेद निघाला, याचे मला समाधान वाटले. पढवलेले साक्षीदार सहसा एकाच वळणावर अडखळतात. मग मी त्यांना स्वतः काय म्हणालात ते म्हणून दाखवायला सांगितले; जेवणाची प्रार्थना मात्र दोघांच्याही सांगण्यात शब्दशः तीच होती.

"पण तीच का म्हणालात?"

"म्हणालो कुठे? निघाली. माणूस घाबरला की आत जे सगळ्यात वर ठेवलेलं असतं ते बाहेर पडतं. मला आईने तेवढी एकच प्रार्थना नीट पाठ करून घेतली होती, कारण ती म्हटल्याशिवाय ताट पुढे येत नसे."

"मग ती ऐकली गेली, असं तुम्ही मानता?"

"तुकडीने तर ऐकलीच," ते हसले. मग हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत म्हणाले, "माझ्या खड्ड्यात आणखी एक जण होता. आम्ही त्याला घंटावाला म्हणायचो. त्याचे वडील प्रार्थनामंदिराची घंटा वाजवायचे. त्याला स्तोत्रंच्या स्तोत्रं तोंडपाठ. गोळे पडत होते तेव्हा तो खरोखरीचं संरक्षणाचं स्तोत्र म्हणत होता, मनातल्या मनात. ओठ हलताना मी पाहिलेत. दुसऱ्या दिवशी पाणी आणायला गेला आणि परत आला नाही. आता तुम्ही शिकलेल्या आहात, सांगा. त्याच्या प्रार्थनेत काय कमी होतं, आणि माझ्या जेवणाच्या प्रार्थनेत काय जास्त?"

त्यांनी बोटाभोवतीची वायर सोडवून हेडफोन टेबलावर ठेवले.

"म्हणून मी हमी देत नाही. मात्र एक गोष्ट मला त्या दुपारी मिळाली ती मिळालीच. मला वाटत होतं, या खड्ड्यात माझं कुणी ऐकत नाहीये. आणि बटण दाबलेलंच होतं! माझ्या नकळत सगळं पोचत होतं. मी 'आमेन' म्हणून अंगठा उचलला आणि पलीकडून माणसाचा आवाज आला. तेव्हापासून प्रार्थना करताना मी एवढंच धरून चालतो. बटण दाबलेलं आहे. गोळा कुठे पडणार, ते माझ्या हातात नाही. भरवसा म्हणता ना, तो एवढाच आहे माझा. थोडा असेल, पण खोटा नाही."

"रविवारी काय सांगणार?"

"हेच."

"तुमच्या मुलीसमोर?"

"तिच्यासाठीच तर."

रविवारी प्रार्थनामंदिर भरले होते. पुढच्या बाकांवर गणवेशातली मुले-मुली ताठ बसली होती. त्यांच्यामागे आईबाप, ज्यांना ताठ बसणे जमत नव्हते. आमेन माईकसमोर आले आणि माईक कर्कश शिटी देऊन ओरडला, कारण दर रविवारी त्याला आवरणारा माणूस आज त्याच्या पुढ्यात उभा होता. त्यांनी वळून एक बटण फिरवले, आणि जसे घडले तसे सांगितले. 'ज्यांच्या पुढ्यात काही नाही त्यांनाही दे' या वाक्याला पुढच्या बाकांवर आधी कुणीतरी खुसकन हसले, मग ते हसू आवरेना. गणवेशातली खांद्यांची रांग हलू लागली. पाळकसाहेब हसावे की नाही या पेचात स्तोत्राचे पान उघडून बसले होते. घंटावाल्याचे सांगितल्यावर खांद्यांची रांग पुन्हा ताठ झाली. शेवटी आमेन म्हणाले, "तुम्हाला चांगले शब्द सुचले नाहीत तरी चालेल. मात्र बोलणं थांबवू नका," आणि जागेवर जाऊन बसले. मागच्या बाकावरून त्यांची मुलगी उठून बाहेर गेली.

उपासना संपल्यावर ती आवारात, भिंतीपाशी उभी होती. वडील दिसताच तिने सुरुवात केली.

"लहानपणी मी त्या स्तोत्रावर झोपले आहे, बाबा. तुम्ही तिकडे होतात, आणि आई माझ्या उशाशी बसून रोज ते म्हणायची. तुम्ही आलात तेव्हा आईनेच मंडळीला सांगितलं की तुम्ही यंत्रावरून तेच म्हटलंत. म्हणजे आई खोटं बोलली?"

"तुझ्या आईला लाज वाटली," आमेन म्हणाले. "मी घरी येऊन खरं सांगितलं, तेव्हा पोट धरून हसली. पण पाळकांनी विचारलं, कुठली प्रार्थना, तर नवऱ्याने तोफांपुढे जेवणाची प्रार्थना म्हटली हे तिच्या तोंडून निघेना. जी तिला येत होती ती सांगून मोकळी झाली. मी नंतर बोलायला गेलो, तर लोकांनी ऐकूनच घेतलं नाही. त्यांना स्तोत्रच आवडलं."

"म्हणजे ते स्तोत्र कुणी म्हटलंच नव्हतं."

"असं कसं? घंटावाल्याने म्हटलं. आणि तुझ्या आईने म्हटलं, रोज, तुझ्या उशाशी. तू स्वतः ऐकलंयस. तिला तरी कुणी हमी दिली होती?"

घरी जाताना ती त्यांच्या बरोबरीने न चालता चार पावले पुढे चालत होती.

सोमवारी सकाळी, ध्वनिमुद्रणाच्या परवानगीवर सही घेण्यासाठी मी त्यांच्याकडे गेले. वेळ चुकीची निवडली, हे दारातच कळले. नातीची मोठी पिशवी जिन्याच्या पायथ्याशी ठेवली होती. टेबलावर पाव, अंडी आणि उकडलेले बटाटे होते. आमेननी मला खूण करून बसवून घेतले. मुलगी शिलाईयंत्रापाशी पाठमोरी उभी होती, हातात काहीही काम नसताना.

आमेन उठले आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "प्रभो, तू मला राखलंस. ही आता निघाली आहे. हिच्या हाकेला ओ देत जा."

ते थांबले. शिलाईयंत्रापासून मुलीने मान न वळवता विचारले. "आणि पुढचं?"

"पुढचं मला सांगता येत नाही, बाळ. तुला मागता येईल. मागायला हमी लागत नाही."

नातीने घड्याळाकडे पाहिले नाही, हे माझ्या लक्षात राहिले आहे. बस सुटायची वेळ जवळ आली होती आणि तिला ते ठाऊक होते. मग तिची आई टेबलापाशी आली आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. डोळे तिने मिटले नाहीत.

"प्रभो, हे पोर हट्टी आहे. तुला ठाऊकच आहे, तूच तसं घडवलंयस. गाडी दामटते. तिच्या गाडीत जे कुणी पडलेले असतील, त्यांना वेळेत पोचव. रस्ता दिसू दे. आणि तिला परत आण. मला राग आलाय, तरी मी मागतेय. परत आण म्हणजे आण. आणि आज आमच्या पुढ्यात जे आलं आहे त्याबद्दल..."

तिथे ती थांबली. 'तुझे आभार' हे शब्द तिच्या तोंडून बाहेर पडेनात. नातीने थोडी वाट पाहिली.

"आई, आमेन म्हण ना. बटाटे गार होताहेत."

"नाही म्हणणार. ती परत आल्यावर म्हणेन."

"ती म्हणजे मीच ना?"

"गप्प बस आणि खा."

आमेननी काही सांगण्यासाठी तोंड उघडले. प्रार्थना अशी उघडी ठेवणे त्यांच्या शिस्तीत बसत नसावे. पण मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी पावाचा तुकडा मोडला आणि तो तिच्या ताटात ठेवला. ती बसली, आणि जेवली.

निघताना नातीने पिशवी खांद्याला लावली, तर आईने तिचा एक बंद हिसकावून स्वतःच्या हातात घेतला. मला वाटले, ती दारापर्यंतच जाईल. ती उंबरा ओलांडून रस्त्यावर उतरली. पिशवी दोघींच्या मधे लोंबकळत होती आणि दोघींनाही नीट चालू देत नव्हती.

"सोड ना आई, मला सवय आहे."

"सवय आहे म्हणे. कालपर्यंत दप्तर कोण उचलत होतं?"

"दप्तर सोडून जमाना झाला."

"मला नाही झाला. सरळ चाल, गाडी येतेय."

हसत पोहोचवायला येईन असे ती म्हणाली होती. ती हसत नव्हती; बस थांब्याच्या वळणापर्यंत ती भांडत गेली. आमेन मात्र माझा कागद हातात धरून, सही करायचे विसरून, दारात उभे होते आणि त्या दोघींचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ऐकत राहिले.